एलसॅट: 'तर' आणि 'तरच' मधला तो एक च

निळीशाई
नमस्कार मंडळी. जानेवारीत एलसॅट, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा, देतेय. न्यू जर्सीत एका लहान लॉ फर्ममध्ये सहा वर्षं पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस, आहे, आता स्वतःच वकील व्हायचं ठरवलंय, दिवसा नोकरी आणि रात्री साडेनऊनंतर अभ्यास असं चाललंय. रीडिंग कॉम्प्रिहेन्शन (आरसी) बरं जातंय, अडलंय ते लॉजिकल रीझनिंगमध्ये (एलआर) आणि त्यातही जिथे जिथे जर-तर येतं तिथेच. गेल्या पाच प्रॅक्टिस टेस्टमधले एलआरचे चुकलेले सगळे प्रश्न काल वहीत उतरवले, एकूण ४१ निघाले, त्यातले २३ कंडिशनलचे, म्हणजे जर-तरचे!

ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्स हा कोड्यांचा सेक्शन काढून टाकला तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं, म्हटलं 'हे असेल तर ते' दाखवणारे बाण काढायची कटकट संपली. पण गेम्सच्या जागी एलआरचाच आणखी एक सेक्शन आला. आता मार्क मोजतात ते तीन, दोन एलआर आणि एक आरसी, चौथा मोजत नाहीत पण तो कुठला हे आपल्याला कळत नाही. प्रत्येकी ३५ मिनिटं, एलआरला साधारण २५ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिटसुद्धा मिळत नाही.

नियम सगळे पाठ आहेत हो. 'इफ'नंतर येते ती पुरेशी अट (ती पुरी झाली की गोष्ट होतेच), 'ओन्ली इफ'नंतर येते ती आवश्यक अट (तिच्यावाचून गोष्ट होतच नाही), 'अनलेस' आलं की अमुक करा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण घड्याळ सुरू झालं, 'ओन्ली' दिसला की बाण इकडे की तिकडे तेच सुचेनासं होतं. यादी अजून घोटू का, की माझं मुळातच काही चुकतंय?

अर्धविराम
चुकलेला एखादा प्रश्न इथे टाका ना. हुबेहूब नको, त्या धर्तीवरचा तुमच्या शब्दांत लिहा. आणि उत्तर काय दिलंत त्यापेक्षा देताना मनात काय आलं ते लिहा, औषध त्यावरूनच सापडेल.

निळीशाई
हा घ्या. "म्युझियमची वेळ वाढेल, ओन्ली इफ कौन्सिलने जादा निधी मंजूर केला. कौन्सिलने काल निधी मंजूर केला. म्हणजे म्युझियमची वेळ वाढणार." युक्तिवादात खोट काय, असा प्रश्न.

मला खोटच दिसली नाही. निधी हवा होता, मिळाला, वेळ वाढली, संपलं. मग 'लोकांना खरंच वाढीव वेळ हवी आहे का याचा विचार केलेला नाही' असा एक पर्याय होता तो निवडला. बरोबर पर्याय होता 'जी गोष्ट घडायला आवश्यक आहे ती पुरेशी धरली आहे' असा. तो मी वाचला होता, दोनदा वाचला होता, आणि हे काहीतरी पुस्तकी बोलणं आहे म्हणून सोडून दिला.

अर्धविराम
बरं झालं हे लिहिलंत. आता हीच दोन वाक्यं मराठीत मोठ्याने म्हणा, खरंच मोठ्याने.

कौन्सिलने निधी मंजूर केला तर वेळ वाढेल.
कौन्सिलने निधी मंजूर केला तरच वेळ वाढेल.

पहिलं ऐकलं की निधीची बातमी आली त्या दिवशी तुम्ही संध्याकाळी म्युझियमला जायचा बेत करू शकता. दुसरं ऐकल्यावर कराल का? नाही करणार, आधी विचाराल की निधी आला ते ठीक, पण जादा स्टाफ मिळाला का, बाकीचं जमलं का. हा फरक तुम्हाला कुणी शिकवला नाहीये, तीन-चार वर्षांच्या असल्यापासून कानात आहे. एका च ने बाण उलटा फिरतो. 'तर' असेल तेव्हा निधी → वेळ. 'तरच' असेल तेव्हा वेळ → निधी, म्हणजे वेळ वाढलेली दिसली तर निधी मिळालाच असणार एवढंच छातीठोक सांगता येतं, निधी मिळाला यावरून पुढचं काहीच नाही.

इंग्लिशमधला 'ओन्ली' वाक्यात कुठेही जाऊन बसतो म्हणून घोळ होतो. ही तीन वाक्यं बघा:

ओन्ली मेंबर्स मे व्होट.
द ओन्ली पीपल हू मे व्होट आर मेंबर्स.
यू मे व्होट ओन्ली इफ यू आर अ मेंबर.

तिन्हींचा अर्थ एकच, मत → सभासद. पण पहिल्यात 'ओन्ली'च्या लगेच पुढे सभासद आहेत आणि दुसऱ्यात 'द ओन्ली'च्या पुढे मत देणारे आहेत, त्यामुळे 'ओन्लीच्या पुढचं ते आवश्यक' असं घोकलेला माणूस दुसऱ्या वाक्यात हमखास पडतो. आता मराठी करा. सभासदांनाच मत देता येतं. मत देणारे सभासदच असतात. सभासद असलात तरच मत देता येतं. तिन्ही वेळा च सभासदालाच धरून बसलाय बघा! ज्याला च चिकटला ते आवश्यक, ते बाणाच्या टोकाला.

'अनलेस'चं तेच. आपल्याकडे त्याला 'शिवाय' आहे. अपील केल्याशिवाय निकाल बदलत नाही. 'शिवाय' ज्याला चिकटला, म्हणजे अपील, ते आवश्यक. निकाल बदलला → अपील झालं होतं. अपील केलं की निकाल बदलतोच असं कुणी मराठी माणूस या वाक्यातून ऐकणार नाही, पण 'द रूलिंग स्टँड्स अनलेस इट इज अपील्ड' वाचलं की भलेभले तसं ऐकतात.

तुमची यादी पक्की आहे, ती अजून घोटू नका. फक्त कानाला जे आधीच कळतं त्याला ती जोडून घ्या.

उंबरठा
अर्धविराम, वाचून छान वाटलं पण दोन हरकती आहेत आणि त्या लिहिल्या नाहीत तर निळीशाई उद्या अडकेल.

एक, च सगळीकडे हा अर्थ देत नाही. "दार उघडताच अलार्म वाजतो." इथे च उघडण्याला चिकटलाय आणि उघडणं ही पुरेशी अट आहे, दार उघडलं → अलार्म. तुमच्या नियमाने बाण नेमका उलटा निघेल. 'लगेचच', 'खूपच' मधला च तर नुसता जोर द्यायला.

दोन, परीक्षा इंग्लिशमध्ये आहे. दीड मिनिटात भाषांतर कुठे करत बसणार? मी दोन वर्षांपूर्वी दिली, आता लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्या हॉलमध्ये एकेक सेकंद काय असतो ते अजून आठवतंय.

अर्धविराम
पहिली हरकत एकदम मान्य. 'ताच' हा वेगळाच प्रत्यय समजायचा, 'की लगेच' या अर्थाचा, तो पुरेशा अटीला लागतो. तेव्हा दुरुस्ती अशी की च काढून त्या जागी 'शिवाय नाही' घालून बघायचं, अर्थ टिकला तर तो आपला च. "सभासदच मत देतात" म्हणजे सभासद असल्याशिवाय मत देता येत नाही, टिकला. "दार उघडताच अलार्म" म्हणजे दार उघडल्याशिवाय अलार्म वाजत नाही? नाही, तो खिडकीनेही वाजू शकतो. नाही टिकला.

दुसरीचं असं आहे की हे परीक्षेत करायचंच नाहीये. आत्तापासून महिनाभर, घड्याळ न लावता, रोज दहा इंग्लिश वाक्यं घ्यायची आणि मराठीत मोठ्याने बोलायची. महिन्याने 'ओन्ली इफ' वाचल्यावर 'तरच' मनात आपोआप वाजायला लागतो, भाषांतर करावं लागत नाही.

पाऊलवाट
मी शाळेत गणित शिकवते, एलसॅटचा संबंध नाही, पण हा घोळ रोज बघते म्हणून लिहितेय. मला वाटतं ही चूक बुद्धीची नाही, व्यवहाराची आहे. आई म्हणते "गृहपाठ नाही केलास तर टीव्ही नाही". पोरगं गृहपाठ संपवून रिमोट मागतं, आणि आईने दिला नाही तर ते रडतं आणि त्याचं रडणं रास्त असतं! बोलण्यात आपण अशा वाक्याला दोन्ही बाजूंचं वचन समजतो, तसं नाही समजलं तर माणसं एकमेकांशी बोलूच शकणार नाहीत. पण त्या वाक्याचा काटेकोर अर्थ फक्त टीव्ही → गृहपाठ एवढाच आहे. उरलेलं अर्धं आपण आपल्या मनाने भरतो. परीक्षा नेमकी ते भरलेलं अर्धं पकडते. तेव्हा निळीशाई, म्युझियमच्या प्रश्नात तुम्ही जे केलंत ते रोजच्या बोलण्यात अगदी बरोबर आहे, फक्त त्या ३५ मिनिटांत लिहिलंय तेवढंच घ्यायचं.

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे, पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मांडलेला. चार पत्ते, एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला आकडा. समोर दिसतंय अ, क, ४, ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळलाय का हे बघायला कुठले पत्ते उलटाल? पुढे वाचायच्या आधी ठरवा.

बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. उत्तर आहे अ आणि ७. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, कारण सम संख्येच्या मागे स्वरच असावा असं कुणी म्हटलंच नव्हतं. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र नियम मोडला. आता तोच प्रश्न असा विचारा: बारमध्ये चार जण आहेत, एक बिअर पितोय, एक सरबत पितोय, एकाचं वय २५, एकाचं १६. बिअर प्यायची तर वय २१ पूर्ण हवं. कुणाला तपासाल? बिअरवाल्याला आणि १६ वर्षांच्याला, हे कुणालाही सांगावं लागत नाही. २५ वर्षांचा काय पितोय याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. गणित तेच आहे, पण परवानगी आणि नियम आले की डोकं सरळ चालतं. म्हणून अवघड वाक्य आलं की त्याला बारच्या दारावरचा नियम करून बघा.

जुनीपोथी
एवढं सगळं चाललंय तर आपल्या न्यायशास्त्रातलं, म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं, सांगितल्याशिवाय राहवत नाही. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, हे उदाहरण बहुतेकांनी ऐकलंय, पण नैयायिकांनी त्याची तपासणी किती बारकाईने केलीय ते फार जणांना माहीत नसतं.

धूर हा व्याप्य, अग्नी हा व्यापक. व्याप्य म्हणजे आतलं लहान वर्तुळ, व्यापक म्हणजे त्याला पोटात घेणारं मोठं. तुमच्या भाषेत धूर पुरेसा, अग्नी आवश्यक. आता कुणी उलटं म्हणालं की जिथे अग्नी तिथे धूर, तर त्यांचं उत्तर तयार असतं: तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. एका उदाहरणात उलटा बाण मोडला. बरं, अग्नीवरून धूर म्हणायचाच असेल तर काय जोडावं लागेल? ओलं इंधन. अग्नी आणि ओलं इंधन असेल तर धूर. या जोडाव्या लागणाऱ्या गोष्टीला ते उपाधी म्हणतात. तुमच्या म्युझियमच्या प्रश्नात निधी म्हणजे अग्नी आणि स्टाफ म्हणजे ओलं इंधन.

आणि तुमचा तो कॉन्ट्रापॉझिटिव्ह, बाण उलटवून दोन्हीकडे नकार घालायचा तो, म्हणजे व्यतिरेक. जिथे अग्नी नाही तिथे धूर नाही, उदाहरण तळं. निळीशाई, माझं ऐकाल तर शंका आली की लोखंडाचा गोळा शोधा. ज्या निष्कर्षाला गोळा सापडतो तो निष्कर्ष टाकून द्या.

निळीशाई
किती लिहिलंय सगळ्यांनी, मनापासून आभार. चार दिवस मोठ्याने वाक्यं म्हणतेय, घरचे विचारतात कुणाशी बोलतेस. अर्धविरामांनी व्यनितून (खाजगी निरोपातून) एक प्रश्न रचून पाठवला होता तो इथे सोडवते, कुठे चुकले तर थांबवा.

"जो अनुवादक मूळ भाषेत वाढलेला नाही त्याला त्या भाषेतला विनोद पकडता येत नाही. म्हणून चांगला अनुवादक हा मूळ भाषेत वाढलेलाच असतो." काय गृहीत धरलं तर निष्कर्ष पक्का होईल?

ए) ज्याला विनोद पकडता येतो तो चांगला अनुवादक असतो.
बी) मूळ भाषेत वाढलेल्या प्रत्येकाला विनोद पकडता येतो.
सी) ज्याला विनोद पकडता येत नाही तो चांगला अनुवादक नसतो.
डी) बहुतेक चांगले अनुवादक मूळ भाषेत वाढलेले असतात.
ई) विनोदाचा अनुवाद सगळ्यात अवघड असतो.

आधी निष्कर्ष: चांगला → वाढलेला. च 'वाढलेला'ला चिकटलाय. मग आधारवाक्य: वाढलेला नाही → विनोद नाही. ते उलटवून नकार बदलले, विनोद पकडतो → वाढलेला. आता 'वाढलेला' दोन्हीकडे टोकाला आला. निष्कर्ष 'चांगला'पासून निघतो आणि माझ्या हातात रस्ता आहे तो 'विनोद'पासून. म्हणजे 'चांगला'वरून 'विनोद'वर न्यायला एक पूल हवा, चांगला → विनोद पकडतो.

मग पर्याय बघितले आणि पहिल्यांदा ए वरच बोट गेलं, कारण त्यात माझे दोन्ही शब्द आहेत. पण ए म्हणजे विनोद → चांगला, पूल उलटा. बी मध्ये आधारवाक्यच उलटं केलंय. डी मध्ये बहुतेक आहे, मला सगळे हवेत. ई खरं असेल पण त्याने पूल बनत नाही. राहिलं सी: विनोद नाही → चांगला नाही. हा माझाच पूल आहे, फक्त मागच्या बाजूने! आधी मला सी दिसलाच नसता, कारण त्यात दोन 'नाही' आहेत आणि मी चांगलं काहीतरी शोधत होते. वेळ लागला साडेतीन मिनिटं.

अर्धविराम
एकही पायरी चुकली नाही. साडेतीन मिनिटांची काळजी आत्ता करू नका. पूल काय हवाय हे तुम्ही पर्याय वाचायच्या आधी ठरवलंत हे सगळ्यात मोलाचं.

उंबरठा
मस्त. वेळेसाठी दोन गोष्टी. वाक्यात एकच बाण असेल तर कागदावर काढू नकोस, मनात ठेव. दोन किंवा जास्त जोडायचे असतील तरच लिही, आणि लिहिलास की त्याच्या खाली लगेच उलट नकाराचा बाण पण लिही, नंतर पर्यायात सी सारखं आलं तर शोधावं लागत नाही. अक्षरं पण अशी निवड की दोन गोष्टींची सारखी येणार नाहीत, मी एकदा करार आणि करदाता दोन्हीला क लिहून अख्खा प्रश्न घालवला होता.

आणि 'आणि-किंवा' इथे सगळे घसरतात. पुरावा वेळेत आला आणि मूळ प्रत असेल तर स्वीकारतात. स्वीकारला नाही, तर काय कळलं? वेळेत नव्हता किंवा मूळ नव्हता, कदाचित दोन्ही. उलटताना 'आणि'चं 'किंवा' होतं आणि 'किंवा'चं 'आणि'. 'दोन्ही एकदम नाही' आणि 'दोन्हीपैकी एक तरी' ही वाक्यं पण वेगळी ठेव. पहिल्यात दोन्ही नसले तरी चालतं, दुसऱ्यात दोन्ही असले तरी चालतं.

टिंबटिंब
धागा वाचनखुणांत टाकला. 'काही' आणि 'बहुतेक'चं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. एलसॅटमध्ये काही म्हणजे निदान एक, सगळे असले तरी चालतं. बहुतेक म्हणजे निम्म्याहून जास्त. बहुतेक वकील वाचक आहेत आणि बहुतेक वाचक चष्मेवाले आहेत, यातून वकिलांच्या चष्म्याबद्दल काहीही निघत नाही. पण बहुतेक वकील वाचक आणि बहुतेक वकील चष्मेवाले असं असेल तर काही वाचक चष्मेवाले नक्की निघतात, कारण एकाच गटाचे दोन निम्म्याहून मोठे भाग कुठेतरी एकमेकांवर येणारच.

निळीशाई
तीन आठवड्यांनी लिहितेय. जुने २३ परत सोडवले, १९ बरोबर आले. उरलेले चारही 'अनलेस'चे होते, म्हणून तिथेच थांबून 'शिवाय' करतेय.

पण एक वेगळंच सांगायचंय. काल ऑफिसात एका लीजवरून फोन आला, तपशील बदलून लिहितेय. कलम होतं 'ही लीज टर्मिनेट होणार नाही, अनलेस ३० दिवसांची लेखी नोटीस दिली असेल'. समोरचा म्हणे मी नोटीस दिली, ३० दिवस झाले, लीज संपली. आणि माझ्या कानात लगेच वाजलं, नोटीस दिल्याशिवाय संपत नाही म्हणजे संपली → नोटीस, नोटीस → संपली असं कुठे लिहिलंय? दोन पानं पुढे दुसरं कलम सापडलं, त्यात ३० दिवस उलटणं आणि डिपॉझिटचा हिशोब पुरा होणं असं दोन्ही होतं. हिशोब झालेला नाही. म्हणजे लीज संपलेली नाही, असं मी टिपणात लिहून वकिलांच्या टेबलवर ठेवलं.

उंबरठा
थांब थांब. दुसऱ्या कलमात शब्द नेमके काय आहेत? 'हे दोन्ही झालं की लीज संपते' असं असेल तर हिशोब झाला नाही म्हणून संपली नाही असं म्हणता येणार नाही, ती आणखी कशाने संपली असेल. तुझा निष्कर्ष 'तरच' असेल तेव्हाच निघतो. टिपण पुढे जायच्या आधी बघ.

निळीशाई
आज सकाळी लवकर जाऊन कलम परत वाचलं, बोट ठेवून. 'ओन्ली व्हेन' आहे. च आहे. टिपणात त्या दोन शब्दांखाली रेघ मारून ठेवली.